लॅपटॉप ॲम्पला जोडला की घरघर येते? आवाजाचा उगम शोधण्याची पद्धत

लॅपटॉपमधून ॲम्पला वायर लावली, गाणं सुरू केलं आणि गाण्याच्या मागे एक 'घूंऽऽ' सतत ऐकू येऊ लागला. गाणं थांबवलं तरी तो थांबत नाही. माउस हलवला की त्यात आणखी एक बारीक 'चींऽऽ' मिसळतो. हे वाचून 'अगदी असंच होतंय' असं वाटलं असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

माझ्याकडे हे झालं तेव्हा मी आधी केबल बदलली. मग त्याहून जाड, महागडी केबल आणली. मग बाहेरून लावायचं यूएसबी साउंड कार्ड घेतलं. घरघर जशीच्या तशी. एके दिवशी चार्जर दुसऱ्या खोलीत हवा होता म्हणून लॅपटॉपमधून उपटला आणि आवाज तत्क्षणी बंद झाला. इतके दिवस मी वस्तू बदलत होतो, आवाज कोणत्या वाटेने येतोय हे एकदाही तपासलं नव्हतं. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगतो: उगम सापडेपर्यंत काहीही विकत घेऊ नका. शोधायला फार तर तासभर लागतो आणि त्यासाठी लागणारं बहुतेक सामान घरातच असतं.

हाताशी काय ठेवायचं

- चालू बॅटरीचा मोबाइल किंवा कोणताही बॅटरीवर चालणारा प्लेअर, शक्यतो ३.५ मिमी जॅक असलेला
- एक साधा हेडफोन
- स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा छोटा तुकडा
- सध्या वापरात असलेली केबल, आणि मिळाली तर दुसरी एखादी
- कागद आणि पेन
- मल्टीमीटर असेल तर उत्तम, नसेल तरी अडत नाही

कागद-पेन कशाला, असं वाटेल. तिसऱ्या-चौथ्या प्रयोगानंतर 'मघाशी चार्जर लावलेला होता की नव्हता' हे कुणालाच आठवत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला, ऐका, लिहून ठेवा.

आणि एक सवय आजपासूनच लावून घ्या: कोणतीही पिन काढण्या-घालण्याआधी ॲम्पचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. आरसीए पिन (ॲम्पच्या मागच्या लाल-पांढऱ्या गोल जॅकमध्ये बसते ती) घालताना मधला सिग्नलचा खिळा आधी टेकतो आणि बाहेरची ग्राउंडची कडी नंतर. त्या मधल्या क्षणात स्पीकरमधून जो दणका येतो, त्याने ट्वीटर, म्हणजे उंच स्वरांचा छोटा स्पीकर, जाऊ शकतो.

## १. आधी आवाज नीट ऐका

'नॉइज येतोय' एवढ्यावर काहीच ठरत नाही. गाणं थांबवा, व्हॉल्यूम नेहमीपेक्षा थोडा वाढवा आणि डोळे मिटून ऐका.

खोल, एकसुरी गुणगुण असेल, ज्याला साउंडवाले 'हमिंग' म्हणतात, तर ती विजेच्या वारंवारतेची असते: ५० हर्ट्झ, जिथे वीज ६० हर्ट्झची आहे तिथे ६०. तीच गुणगुण जरा करकरीत, माशी घोंघावल्यासारखी वाटली तर त्यात १००, १५० अशा वरच्या पट्ट्या मिसळलेल्या असतात. दिव्याचा डिमर फिरवल्यावर हा करकरीतपणा वाढत असेल तर डिमर हेच कारण समजा.

माउस हलवताना, पान सरकवताना किंवा फाइल कॉपी होताना बदलणारी बारीक शिट्टी हे वेगळं प्रकरण आहे. तिचा उगम लॅपटॉपच्या आतल्या विजेच्या चढउतारात असतो. फक्त हे बघा की ती स्पीकरमधूनच येतेय ना. काही लॅपटॉपची स्वतःची कॉइलही बारीक वाजते. कान कीबोर्डजवळ नेला की ते कळतं.

पाऊस पडल्यासारखा 'स्ऽऽ' म्हणजे हिस. त्याचा चार्जरशी बहुधा संबंध नसतो, व्हॉल्यूमच्या चुकीच्या मांडणीशी असतो (पायरी ६). 'चर्र-चर्र' असा तुटक आवाज वायर हलवल्यावर येत असेल तर लूज कॉन्टॅक्ट. वायरला हात न लावता फक्त गाणं चालू असताना येत असेल तर सॉफ्टवेअर. ॲम्पचा नॉब फिरवतानाच खरखर होत असेल तर नॉबच्या आत धूळ बसली आहे, लॅपटॉपला दोष देऊ नका.

आणखी एक ओळखीचा आवाज: 'टरर-टर-टर-टरर'. हा ॲम्पजवळ ठेवलेल्या मोबाइलचा. जुन्या जीएसएम पद्धतीत फोन सेकंदाला साधारण २१७ वेळा रेडिओचे झटके सोडतो आणि तेच स्पीकरमधून ऐकू येतात. फोन हातभर लांब ठेवा, संपलं.

## २. ॲम्पला एकटं सोडून बघा

व्हॉल्यूम शून्य करा, ॲम्पच्या इनपुटमधली वायर पूर्ण काढा, मग व्हॉल्यूम नेहमीच्या जागी आणा. आता ॲम्पला काहीच जोडलेलं नाही. तरीही घरघर येत असेल तर ती ॲम्पची स्वतःची आहे. सरळ शेवटच्या पायरीवर जा.

ॲम्प शांत असेल तर वायर परत ॲम्पला लावा, पण दुसरं टोक लॅपटॉपमध्ये घालू नका. इथे नव्या माणसाची हमखास फसगत होते. मोकळं टोक हवेत लोंबत असताना स्पीकरमधून गुणगुण येणारच, कारण ती वायर अँटेनासारखी आजूबाजूच्या विजेची लहर पकडते. टोकाला बोट लावलं तर मोठ्याने 'भूंऽऽ' होतं. याला केबल खराब म्हणत नाहीत.

खरी परीक्षा फॉइलने होते. लॅपटॉपकडच्या ३.५ मिमी पिनवर फॉइल घट्ट गुंडाळा. पिनवर दोन काळ्या रेघा असतात आणि त्या रेघांनी पिनचे तीन भाग वेगळे केलेले असतात: टोक, मधली कडी आणि मागचा दांडा. फॉइलने तिन्ही भाग एकत्र जोडले गेले पाहिजेत. आता ॲम्प जवळजवळ गप्प झाला तर ॲम्प आणि केबल दोन्ही ठीक आहेत. फॉइल लावूनही गुणगुण राहिली तर केबल हळूहळू हलवा, ॲम्पच्या किंवा चार्जरच्या ट्रान्सफॉर्मरपासून दूर न्या, दुसरी केबल लावून बघा. झाल्यावर फॉइल आठवणीने काढा. फॉइलसकट पिन लॅपटॉपमध्ये घालू नका.

जाता जाता इनपुटचं नावही वाचा. 'फोनो' लिहिलेलं इनपुट रेकॉर्ड प्लेअरसाठी असतं. ते सिग्नल साधारण १०० पट वाढवतं, त्यात खालच्या स्वरांना आणखी उचलतं. लॅपटॉप तिथे लावला तर आवाज फाटेल आणि गुणगुण दणदणीत येईल. माइक इनपुटचंही तसंच. लॅपटॉपसाठी 'ऑक्स', 'लाइन', 'सीडी' किंवा 'टेप इन' यांपैकी काहीही चालेल.

## ३. त्याच केबलला मोबाइल लावा

तीच केबल, तेच इनपुट, तोच व्हॉल्यूम. फक्त लॅपटॉपच्या जागी चार्जिंगला न लावलेला मोबाइल. एखादं गाणं लावा, मध्येच थांबवा आणि शांतता ऐका.

मोबाइलवर सगळं स्वच्छ असेल तर निम्मा शोध संपला. दोष लॅपटॉपमध्ये किंवा लॅपटॉपला जे जे जोडलंय त्यात आहे. मोबाइलवरही तोच आवाज येत असेल तर मागे जा, केबल आणि ॲम्प पुन्हा बघा.

हेडफोन लॅपटॉपला थेट लावूनही ऐका. हेडफोनमध्येच शिट्टी येत असेल तर लॅपटॉपच्या आतलं साउंडचं सर्किट गोंगाट करतंय, आणि तिथे बाहेरचं यूएसबी साउंड कार्ड खरोखर उपयोगी पडतं. हेडफोनमध्ये शांत आणि ॲम्पवर मात्र घरघर, असं असेल तर पुढची पायरी सावकाश वाचा. बहुतेकांचं उत्तर तिथेच असतं.

## ४. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, आणि खरोखर एकटा

चार्जर लॅपटॉपमधून काढा. भिंतीवरचं बटण नुसतं बंद करून भागत नाही, कारण त्याने अर्थिंगची तार तुटत नाही. पिनच काढा.

फक्त चार्जरच नाही. बाहेरचा मॉनिटर एचडीएमआयने जोडलाय? काढा. लॅनची वायर, प्रिंटर, स्वतःचा ॲडॅप्टर असलेली हार्ड डिस्क, सगळं काढा. मॉनिटरची एचडीएमआय वायर तशीच राहिल्यामुळे 'बॅटरीवरही आवाज येतो, म्हणजे चार्जर निर्दोष' असा चुकीचा निष्कर्ष काढलेले लोक मी पाहिले आहेत. मॉनिटरलाही तीन पिनचा प्लग असतो, आणि त्याच्या अर्थिंगमधून वाट पुन्हा जोडली जाते.

आता ऐका. आवाज गेला? मग एकेक वस्तू परत जोडा आणि कोणती जोडल्यावर घरघर परतते ते लिहा. बहुतेक वेळा तो चार्जर निघेल.

हे का होतं ते समजलं तर पुढचे उपाय डोळे झाकून करावे लागणार नाहीत. तीन पिनच्या चार्जरमध्ये लॅपटॉपकडे जाणारी ऋण तार बऱ्याचदा अर्थिंगला जोडलेली असते. ॲम्पलाही तीन पिनचा प्लग असेल तर त्याची बॉडी अर्थिंगला. या दोघांमध्ये तुम्ही ऑडिओ केबल लावली, आणि तिची बाहेरची जाळी, म्हणजे शील्ड, दोन्ही ग्राउंडना जोडते. झालं एक वर्तुळ: भिंतीतलं अर्थिंग, चार्जर, लॅपटॉप, केबलची जाळी, ॲम्प आणि परत भिंतीतलं अर्थिंग. यालाच ग्राउंड लूप म्हणतात.

दोन सॉकेटच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक असतो, शिवाय हे वर्तुळ जवळपासच्या विजेच्या तारांचं चुंबकीय क्षेत्र पकडतं. त्यामुळे जाळीतून थोडा प्रवाह वाहतो. साध्या आरसीए जोडणीत ॲम्प सिग्नल मोजतो तो याच जाळीच्या आधाराने, म्हणून जाळीवरचा व्होल्टेज सिग्नलमध्येच धरला जातो. घरगुती लाइन सिग्नल सुमारे ०.३ व्होल्टचा. जाळीवर एक मिलिव्होल्ट जरी आला तरी तो सिग्नलच्या तीनशेव्या भागाएवढा झाला. गाणं थांबल्यावर तो स्पष्ट ऐकू येतो.

माउसची शिट्टीही याच वाटेने येते. चार्जरच्या बारीक वायरमधून दोन-तीन अँपिअर प्रवाह लॅपटॉपकडे जातो आणि ऋण तारेने परततो. प्रोसेसरचं काम वाढलं की प्रवाह वाढतो, कमी झालं की उतरतो. परतणाऱ्या प्रवाहाला ऑडिओ केबलच्या जाळीतूनही एक आडवाट मिळालेली असते, आणि त्याचा चढउतार ॲम्प इमानेइतबारे मोठा करून ऐकवतो. म्हणूनच पान सरकवलं की सूर बदलतो.

दोन पिनच्या चार्जरची गोष्ट निराळी. त्याला अर्थिंगच नसतं. आत विजेच्या बाजूपासून लॅपटॉपच्या बाजूला जोडणारा एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून अत्यल्प प्रवाह झिरपत राहतो. धातूच्या लॅपटॉपवरून हात अलगद फिरवला की जी मुंग्यांसारखी थरथर जाणवते ती याचीच. ऑडिओ केबल लावल्यावर हा प्रवाह जाळीतून ॲम्पकडे जातो आणि करकरीत गुणगुण ऐकू येते. मल्टीमीटर असेल तर ऑडिओ वायर काढून, एसी व्होल्टवर ठेवून, लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीपासून ॲम्पच्या बॉडीपर्यंत मोजा. ५०-१०० व्होल्टचा आकडा दिसला तर दचकू नका. मीटर जवळजवळ प्रवाहच घेत नाही म्हणून तो इतका दिसतो. पण व्हॉल्यूम शून्य न करता पिन घालायची नाही, हे मात्र यातून पटेल.

## ५. वर्तुळ तोडा: साध्या उपायापासून

सुरुवात फुकटच्या उपायाने. लॅपटॉपचा चार्जर आणि ॲम्प एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा. दोघांचं अर्थिंग एकाच जागी आलं की वर्तुळ आक्रसतं. ऑडिओ केबल गरजेपेक्षा लांब असेल तर आखूड घ्या, आणि विजेच्या वायरला समांतर नेऊ नका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. माझ्याकडे एवढ्यानेच गुणगुण निम्म्याहून खाली आली, शिट्टी मात्र राहिली.

ॲम्पला टीव्हीही जोडला असेल आणि टीव्हीला केबलची किंवा डिशची वायर असेल तर ती एकदा काढून बघा. त्या वायरची जाळी बाहेर वेगळ्याच ठिकाणी अर्थ झालेली असू शकते.

एवढं करूनही राहिलं तर ऑडिओच्या वाटेत ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. या छोट्या डबीत दोन चॅनेलसाठी दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. सिग्नल चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो, जाळीचा सलग धागा तुटतो. शिट्टी आणि गुणगुण दोन्ही जातात. अडचण एकच: स्वस्त डबीतला गाभा लहान असतो, त्यामुळे जोरात वाजवल्यावर खालचे स्वर पातळ किंवा फाटके वाटू शकतात. व्हिडिओ, भाषणं, साधं ऐकणं यासाठी ती पुरेशी आहे. डबी ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरला खेटून ठेवू नका, नाहीतर ती तिथूनच गुणगुण उचलेल.

आवाजाच्या दर्जाशी तडजोड नको असेल तर ऑप्टिकल जोडणी सर्वांत निर्धोक. धाग्यातून प्रकाश जातो, तांब्याचा संबंधच उरत नाही. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेली टॉसलिंक ती हीच. जुन्या मॅकबुक प्रोच्या हेडफोन जॅकमध्येच ऑप्टिकल आउटपुट असायचं, २०१६ पासून ते काढलं गेलं. तुमच्या लॅपटॉपला नसेल तर यूएसबीतून ऑप्टिकल देणारा कन्व्हर्टर लागतो, आणि अर्थात ॲम्पला ऑप्टिकल इनपुट हवं.

माझ्यासारखं यूएसबी साउंड कार्ड आधीच घेऊन बसला असाल तर ते का कामी आलं नाही तेही सांगतो. यूएसबी वायरमध्येही ग्राउंडची तार असते, म्हणून वर्तुळ तसंच राहतं, फक्त यूएसबीमार्गे. तिथे यूएसबी आयसोलेटर मध्ये घालता येतो. साधे आयसोलेटर १२ मेगाबिटच्या वेगापर्यंतच चालतात. दोन चॅनेलच्या २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ ऑडिओला जेमतेम ४.६ मेगाबिट लागतात, त्यामुळे वेग पुरतो. पण तुमचं कार्ड या वेगाला चालतं का, हे घेण्याआधी तपासा. कार्डाला आणि ॲम्पला दोन्हीकडे बॅलन्स्ड जोडणी (जाळीशिवाय सिग्नलच्या दोन तारा असलेली) असेल तर तीच वापरा. त्यात सिग्नल जाळीच्या आधाराने मोजला जात नाही, म्हणून आयसोलेटरशिवायही बहुतेक वेळा काम होतं.

ब्लूटूथनेही वर्तुळ तुटतं. मात्र चित्रपटात ओठ आणि आवाज मागेपुढे होऊ शकतात.

आता ज्याच्यापासून मी तुम्हाला हात जोडून परावृत्त करतो तो उपाय. ॲम्पच्या किंवा चार्जरच्या प्लगची अर्थिंगची पिन कापणे, टेप लावून झाकणे, किंवा दोन पिनच्या जोडणीत घुसवणे. घरघर जाते, हे खरं. पण ॲम्पच्या आत एखाद दिवशी फेजची तार बॉडीला टेकली, तर फ्यूज उडवायला अर्थिंगच उरलेलं नसतं. मग ती वीज ॲम्पच्या बॉडीवर किंवा ऑडिओ केबलमार्गे थेट तुमच्या लॅपटॉपवर उभी राहते. डीआय बॉक्सवर (वाद्य किंवा लॅपटॉप मिक्सरला जोडायच्या डबीवर) 'ग्राउंड लिफ्ट' नावाचं बटण असतं, ते फक्त सिग्नलची जाळी सोडवतं, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही. ते बटण बिनधास्त वापरा. प्लगची पिन कधीही कापू नका.

## ६. व्हॉल्यूमची मांडणी

हिस येत असेल तर बहुधा लॅपटॉपचा व्हॉल्यूम २० टक्के आणि ॲम्पचा नॉब तीन चतुर्थांश, अशी मांडणी असते. उलट करा. लॅपटॉप आणि प्लेअर दोन्हीकडे ८०-९० टक्क्यांवर ठेवा, आणि कमी-जास्त ॲम्पच्या नॉबने करा. सिग्नल सुरुवातीलाच मोठा असला की ॲम्पला फार उचलावा लागत नाही, आणि हिसही उचलला जात नाही. लॅपटॉप पूर्ण १०० वर फाटायला लागला तर थोडा खाली आणा.

## ७. लॅपटॉपच्या आतली सेटिंग

इथे फार वेळ घालवू नका. हमिंग सॉफ्टवेअरने येत नाही आणि जातही नाही.

हे मात्र बघा. माइक इनपुट म्यूट आहे का? विंडोजमध्ये रेकॉर्डिंग डिव्हाइसच्या गुणधर्मांत 'लिसन टू धिस डिव्हाइस' चालू राहिलं असेल तर माइकचा सगळा गोंगाट स्पीकरमधून येतो. लिनक्सच्या मिक्सरमध्ये 'माइक बूस्ट' आणि 'लूपबॅक' खाली ओढा. 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' बंद करून ऐका.

गाणं सुरू होताना किंवा संपल्यावर काही सेकंदांनी 'टप्' होत असेल तर साउंड चिप वीज वाचवायला झोपतेय आणि उठतेय. ऑडिओची पॉवर सेव्हिंग बंद करा. लिनक्समध्ये इंटेल एचडीए ड्रायव्हरचा 'पॉवर सेव्ह' पर्याय शून्य करायचा असतो.

तुटक 'चर्र' येत असेल तर प्रोसेसरला वेळेवर ऑडिओ पुरवता येत नाहीये. बफर, म्हणजे आधीच साठवून ठेवलेला ऑडिओ, वाढवा, वाय-फाय क्षणभर बंद करून फरक पडतो का बघा. विंडोजवर लेटन्सीमॉन हा प्रोग्राम कोणता ड्रायव्हर अडवतोय ते दाखवतो.

## ८. ॲम्प दुरुस्तीला न्यायचा असेल तर

दुसऱ्या पायरीत ॲम्प एकटा असतानाही गुणगुणला असेल तर वीजपुरवठ्यातले मोठे फिल्टर कपॅसिटर थकलेले असण्याची शक्यता बरीच आहे. जुन्या ॲम्पमध्ये हे होतंच. ते स्वतः उघडून बदलायला जाऊ नका. प्लग काढल्यावरही त्यांच्यात वीज साठून राहते.

दुरुस्तीवाल्याला 'आवाज येतो' एवढंच सांगू नका. कागदावर जे लिहिलंय ते वाचून दाखवा: सगळी इनपुट काढल्यावर येतो की नाही, व्हॉल्यूमचा नॉब फिरवल्यावर वाढतो की तेवढाच राहतो, दोन्ही स्पीकरमध्ये येतो की एकातच. नॉब शून्यावर असतानाही गुणगुण तेवढीच असेल तर दोष नॉबच्या पुढच्या भागात किंवा वीजपुरवठ्यात आहे. नॉबबरोबर वाढत असेल तर नॉबच्या आधीच्या भागात. एवढं सांगितलंत की तो ॲम्प उघडतानाच कुठे बघायचं हे ठरवून उघडेल.